फळीच्या पोटातलं पाणी

कोंढ्याहून कोणत्याही दिशेने निघा, समुद्र गाठायला रेल्वेत एक रात्र काढावीच लागते. तरीही समुद्राच्या लाटांसाठी बनलेल्या फळ्या दुरुस्त करणारा माणूस याच गावात राहतो, आणि त्याला स्वतःला त्याचं तसूभरही नवल वाटत नाही. पाणी म्हणजे पाणी, तडा म्हणजे तडा, असा त्याचा साधा हिशेब आहे.

ईश्वर काटेखाये त्याचं नाव. वय बावन्न. तलावाच्या पारीखाली, त्या बांधाला लागून, दोन एकर धानाची बांधी, म्हणजे भातखाचर, अंगणाच्या कडेला टिनाचं छपर, आणि छपराखाली फायबरचा संसार. काचेच्या धाग्यांच्या कापडाचे गुंडाळे, ते कापड घट्ट करणाऱ्या रेझिनचे डबे, घासायची मशीन, आणि पांढऱ्या डागांनी मूळचा रंग विसरलेली एक खुर्ची. आसपासच्या गावांत कूलरची टाकी गळली, ट्रॅक्टरचं बोनेट फुटलं, की लोक ‘फायबरवाल्या’कडे येतात. एकदा शाळेच्या गॅदरिंगमधला हत्ती सोंड तुटून आला होता. ईश्वरने सोंड जोडली, ती मूळच्यापेक्षा वीतभर लांब झाली, आणि पोरांना तोच हत्ती जास्त आवडला असं तो आजही छातीठोकपणे सांगतो. खरं-खोटं त्या हत्तीला माहीत.

हा माणूस उपकार मोजणारा आहे. स्वतः केलेले नव्हेत, दुसऱ्यांनी त्याच्यावर केलेले. दसऱ्याला घरोघरी अवजारांची पूजा होते, तशी त्याच्याकडेही होते. पाटावर घासायची मशीन, कात्री, ब्रश मांडले जातात, आणि मधोमध फायबरचे थर दाबून बसवायचा एक जुना लोखंडी रोलर, ज्याच्या दांड्याला आता कापडाची पट्टी गुंडाळलेली आहे. तो रोलर वासुदेवरावांचा. पूजा झाली की ईश्वर हात जोडून, जो कोणी समोर असेल त्याला यादी ऐकवतो. पहिले वासुदेवराव, ज्यांनी हातात कला दिली. दुसरी मोटरसायकल, जिने अकरा वर्षं वरठीला नेलं-आणलं आणि एकदाही रस्त्यात दगा दिला नाही. तिसरा तलाव, जो बांधीला पाणी देतो. चौथे योगेंद्र सर, ज्यांनी पाण्यावरचं काम दिलं. ही यादी त्याची बायको चंदा वर्षानुवर्षं ऐकत आली आहे. एका दसऱ्याला तिने विचारलंही होतं, की मोटरसायकलचे पाय धरायचे म्हटलं तर पुढचं चाक धरायचं की मागचं. सगळे हसले, ईश्वरही हसला. पण ती काय म्हणाली ते त्याला कळलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, यालाच म्हणतात.

कारण ती अकरा वर्षं तो वरठीला खोली करून राहायचा आणि शनिवारी संध्याकाळी घरी यायचा; इकडची बांधी आणि पोरं चंदाच सांभाळायची. वरठीला एका शेडमध्ये कूलरच्या बॉड्या आणि पाण्याच्या टाक्या बनत. वासुदेवराव तिथले हेडमिस्त्री. बुटका, दम्याचा माणूस, बोलणं मोजकं आणि राग नाकावर. पहिला महिनाभर त्यांनी ईश्वरला फक्त घासायला लावलं. हाताची सालटं निघाली तेव्हा कुठे ब्रश दिला, आणि सांगितलं की फायबर खोटं बोलत नाही, आपण खोटं काम केलं की ते आज ना उद्या दाखवून देतं. शेड बंद पडलं तेव्हा वासुदेवरावांनी आपला रोलर ईश्वरच्या हातात ठेवला आणि फाटकाबाहेर गेले. त्या दिवसाची आठवण निघाली की ईश्वरचे डोळे आजही भरून येतात, आणि ते लपवायची त्याला गरज वाटत नाही.

आता फळ्यांचं. कोंढ्याच्या पलीकडे गोसेखुर्द धरणाचं पाणी पसरलेलं आहे. तिथल्या एका काठावर योगेंद्र सरांनी, जे पूर्वी शाळेत खेळ शिकवत, लोकांना पाण्यावर फिरवायचं छोटंसं केंद्र काढलं. त्यांच्याकडे सहा रुंद फळ्या होत्या. फळीवर उभं राहायचं, हातात लांब वल्हं घ्यायचं आणि पाणी कापत जायचं. आत थर्माकोल, वरून फायबरचं कवच. इंग्रजी नाव कुणाच्या तोंडात बसलं नाही, म्हणून गावाने तिला फळीच म्हटलं. पर्यटक या फळ्या काठावरच्या दगडांवर आपटत, कोपरे फुटत, आणि फुटलेले कोपरे ईश्वरकडे येत. कूलरचं रेझिन या फळ्यांना चालत नाही हे त्याने स्वतःच शोधून काढलं. लग्नाच्या सजावटीतला थर्माकोलचा तुकडा घेऊन त्यावर थेंब टाकला, तर थर्माकोल तव्यावरच्या लोण्यासारखा बसला. मग सरांनी नागपूरहून वेगळं रेझिन आणून दिलं. ईश्वरचा हात सफाईचा, त्यामुळे कोपरे असे भरले जात की सरांनाही फुटलेला कोपरा शोधावा लागे.

सातवी फळी निराळी होती. लांब, निमुळती, शर्यतीची. सरांनी ती किनारपट्टीवरच्या एका खेळाडूकडून जुनी आणली होती, आणि ती चालवू शकणारी एकच व्यक्ती होती: तृप्ती. ईश्वरच्या मागच्या गल्लीतली, धानाच्याच घरातली पोरगी, पवनीच्या कॉलेजात शिकणारी. लहानपणी म्हशी धुवायला तलावात उतरायची आणि म्हशीच्या पाठीवर उभी राहायची म्हणून मार खायची. आता तेच उभं राहणं कामी आलं होतं. डिसेंबरात नागपूरला राज्याच्या संघाची निवड होती. चार मुली घ्यायच्या होत्या. विदर्भाच्या या टोकाकडून कुणी तिथे उभं राहिलं आहे असं सरांच्या ऐकिवात नव्हतं, आणि पुढच्या वर्षी तृप्तीच्या घरचे तिच्या लग्नाचं पाहणार होते. म्हणजे जे काय व्हायचं ते याच वेळी.

निवडीला बारा दिवस राहिले असताना ती फळी फुटली. धरणाच्या पाण्याखाली जुनी शेतं आहेत, झाडं आहेत. वरची फांदी कुजून गेलेली, पण खोडाचं ठूठ अजून घट्ट उभं. पाणी जरा उतरलं की ते पाण्याच्या वीतभर खाली येऊन बसतं आणि वरून काही दिसत नाही. तृप्ती वेगात होती. फळीचा पोटाकडचा भाग हातभर चिरला, आणि ती तशीच अर्धा तास वल्हवत काठाला आली, कारण दुसरा इलाज नव्हता. सर त्या दिवशी निवडीच्या कागदपत्रांसाठी नागपूरला गेलेले. तिने फळी भावाच्या पिकअपमध्ये टाकली आणि दिवस मावळायच्या आत थेट ईश्वरच्या अंगणात आणली. रडत नव्हती. फक्त म्हणाली, “काका, होईन का?”

ईश्वर म्हणाला, होईल. आणि लगेच कामाला लागला.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढची चूक समजणार नाही. धानवाल्याच्या पोराला चालता येण्याआधी एक शिकवण मिळते: बांधीचा धुरा फुटला की उद्यावर टाकायचं नाही. धुरा म्हणजे बांधीभोवतीची मातीची भिंत. ती फुटली आणि पाणी वाहून गेलं, की धान गेलं. ईश्वर आठ वर्षांचा असताना बापाने त्याला फुटलेल्या धुऱ्यात पाठ लावून बसवलं होतं, माती आणेपर्यंत. पाणी पाठीवर धडका देत होतं आणि बाप ओरडत होता की हलू नको. ती पाठ अजून त्याच्याकडे आहे. तडा दिसला की तो बुजवल्याशिवाय त्याला घास गोड लागत नाही. कूलरच्या बाबतीत ही सवय चांगलीच कामाला आली. पण कूलरला पोट नसतं. कूलर म्हणजे नुसती कातडी. फळीला पोट होतं, आणि अर्धा तास ते पोट पाणी पीत होतं.

ईश्वरने तडा फडक्याने पुसला. हॅलोजनचा दिवा लावून वरची बाजू कोरडी केली. कड घासली, कापडाचे तीन थर बसवले, रोलर फिरवला. वासुदेवरावांचा रोलर, कारण काम महत्त्वाचं होतं. रात्रीच्या जेवणाआधी फळी बंद झाली होती. शेजारचे दोघे-चौघे पाहून गेले आणि म्हणाले, ईश्वरभाऊ, कुठं फुटली होती तेच दिसत नाही. ईश्वरने फळीच्या पोटावर हात फिरवून तिला निजवलं आणि स्वतः समाधानाने जेवला.

दुसऱ्या दिवशी फळी छपराखालीच राहिली. तिसऱ्या दिवशी ऊन चांगलं पडलं, म्हणून रेझिन पक्कं व्हावं म्हणून त्याने ती अंगणात काढली.

अंगणात धान वाळत होतं. धान वाळवणं हे चंदाचं खातं, आणि त्या खात्यात तिचा शब्द शेवटचा. दाणा दातांखाली धरायचा, कट्कन आवाज आला तर वाळलं, दबला तर अजून दोन उन्हं. हे सगळ्यांनाच येतं म्हणा, पण चंदाला जे येतं ते वेगळंच. खरेदी केंद्रावर धान न्यायच्या आधी अख्खी गल्ली तिला बोलावते. ती चार ठिकाणचे चार दाणे चावते आणि सांगते, नेता येईल किंवा उद्या नेजा. केंद्रावरचं यंत्र जो ओलाव्याचा आकडा दाखवतं तो तिच्या दातापासून फार लांब नसतो. याबद्दल तिला कुणी शाल-नारळ दिलेलं नाही, आणि तिनेही तशी अपेक्षा ठेवलेली नाही.

तर त्या दुपारी धान पसरताना फळी आड आली म्हणून चंदाने तिचं टोक उचललं, आणि उचलून तशीच थांबली. मग बसली. फळीवर पालथा हात ठेवला, बोटाच्या पेराने दोन-तीन जागी ठोकलं. दुरुस्तीच्या शेजारी भाकरीएवढा एक फुगा आलेला होता, अजून उथळच, डोळ्यांना नाही पण हाताला समजणारा. तिने ईश्वरला हाक मारली.

“हे ओलं हाये,” ती म्हणाली. “तुमी ओलं शिवून टाकलं.”

ईश्वर चिडला. चिडण्यासारखं होतंच, कारण ते खरं आहे हे त्याला ऐकताक्षणी कळलं होतं. तो म्हणाला, “तुले काय समजते फायबरातलं?”

“फायबर नाई समजत मले,” चंदा म्हणाली. “ओलं समजते.”

आणि ती पुन्हा धान पसरायला लागली. तिने वाद घातला असता तर ईश्वरला बरं वाटलं असतं, दोन शब्द बोलून त्याला खोटं ठरवता आलं असतं. आता काय करणार? ओलं धान पोत्यात भरून तोंड शिवलं की आत काय होतं ते त्याला माहीत होतं. तापतं, काळं पडतं, कोंब फुटतात, आणि पोतं वरून मात्र छान दिसतं. त्याची फळीही वरून छान दिसत होती.

मनात एक विचार आला, तो लपवून काय उपयोग. फुगा दाबून, घासून, वरून आणखी एक थर दिला असता तर फळी नागपूरपर्यंत नक्की गेली असती. जड झाली असती, पाण्यात थोडी ओढली असती. पोरगी हरली असती तर लोक म्हणाले असते, एवढ्या लांबून गेली हेच खूप. कुणाला काही कळलं नसतं. उलट फळी उघडायची, तर नऊ दिवसांत सुकेल, पुन्हा बंद होईल आणि पक्की होईल याची हमी ब्रह्मदेवालाही देता आली नसती. ईश्वर खुर्चीवर बसून राहिला. समोर वासुदेवरावांचा रोलर होता, आणि ते काय म्हणाले असते हे ऐकायला त्यांची गरज नव्हती.

चार वाजता तृप्ती आली, फळी न्यायला. ईश्वरने तिला खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला आणि सगळं सांगितलं. आपण घाई केली, आतलं पाणी बाहेर काढल्याशिवाय तोंड बंद केलं, चूक माझी आहे. आता उघडावी लागेल, आणि वेळेत होईल की नाही ते सांगता येत नाही. पोरीचा चेहरा उतरला.

“काका, तुमी सांगतलं नसतं त मले थेट पाण्यातच समजलं असतं,” ती म्हणाली. “उघडा.”

ईश्वरने स्वतःचं काम स्वतःच्या हाताने कापलं. तीन थर सोलून काढले, तडा आणखी रुंद केला, शेपटाकडे बोटभर भोक पाडलं आणि फळी उभी केली. भोकातून पाणी आलं. थेंब थेंब, धरणाच्या गाळाचा वास असलेलं, बराच वेळ. तिघंही बघत उभी होती. मग ईश्वरने नत्थूकडून, जो गावात धान घेतो, त्याचा वजनकाटा आणला. फळीच्या शेपटीवर जुन्या मालकाने मार्करने वजन लिहून ठेवलं होतं: साडेतेरा किलो. काट्याने सोळा किलो दोनशे दाखवलं.

सरांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं, एक मोठा श्वास सोडला आणि म्हणाले, दुसरी फळी मिळते का बघतो, पण मिळणार नाही. आणि फळी कशी सुकवायची हे त्यांनाही नीट माहीत नव्हतं.

चंदाला माहीत होतं. तिला कुणी विचारलं नाही, ती आपली पुढे आली. पहिली गोष्ट, तिने फळी उन्हातून सावलीत नेली. भर उन्हात धान तडकतं, गिरणीत दाणा तुटून त्याची कणकी होते, आणि फुगा आला तोही उन्हानेच. सुकवायला वारा पाहिजे, ऊन नाही, असं तिचं म्हणणं. दुसरी गोष्ट, दिवसातून चार वेळा पालटायची, जसं धान पायाने पालटतात. दिवस कलायच्या आत घरात घ्यायची, कारण दव पडलं की दिवसभराची मेहनत मातीत. आणि तिसरी गोष्ट तिने न सांगता केली. जुन्या सुती लुगड्याची एक पट्टी फाडली, मांडीवर वळून करंगळीएवढी जाड वात केली आणि शेपटाच्या भोकातून आत सरकवली, एक टोक बाहेर लोंबतं ठेवून. तासाभराने ते बाहेरचं टोक ओलं झालं होतं. आतलं पाणी वात ओढत होती. ईश्वर पाहतच राहिला. ज्या भोकातून पाणी आपणहून येणं थांबलं होतं, तिथून ती चिंधी पाणी काढून आणत होती.

तिथून पुढे रोज सकाळी अंगणात वजन व्हायचं. कॉलेजात जायच्या आधी तृप्ती यायची, ती आणि ईश्वर मिळून फळी काट्यावर ठेवायचे आणि तिघंही आकड्याकडे बघायचे. पंधरा-चारशे. मग चौदा-नऊशे. मग साडेचौदा. चंदा वात बाहेर काढायची, कोरडी लावायची, जुनी दोरीवर टाकायची. मधल्या वेळात तृप्ती रुंद फळीवर सराव करत होती. तिच्या शब्दांत सांगायचं तर रेड्यावर बसून घोड्याच्या शर्यतीची तयारी.

पाचव्या दिवशी आभाळ आलं. काटा साडेचौदावरून हलेना. धानवाल्यांनी ताडपत्र्या काढल्या, आणि ईश्वरने कूलर काढला. वरठीच्या शेडमध्ये स्वतःच्या हाताने बनवलेली बॉडी, लग्नानंतरची घरातली पहिली मोठी वस्तू. त्यात पाणी न घालता नुसता पंखा सुरू केला आणि तोंड फळीच्या तड्याकडे वळवलं. डिसेंबरच्या थंडीत घरात कूलर चालू आहे हे पाहून गल्लीने चांगली करमणूक करून घेतली. एकाने विचारलं की ईश्वरभाऊ, आता उन्हाळ्यात शेकोटी करता काय. ईश्वरने पंख्याचा वेग तेवढा वाढवला. दुसऱ्या सकाळी काट्याने चौदा-दोनशे दाखवलं, आणि त्याने कूलरवर दोनदा थाप मारली, बैलाला मारतात तशी.

मग तेरा किलो साडेसातशे. आणि निवडीला तीन दिवस उरले त्या सकाळी पुन्हा तेरा किलो साडेसातशे.

साडेतेरा नव्हे. पाव किलो जास्त.

आता खरी पंचाईत झाली. थंडीत रेझिन पक्कं व्हायला दोन दिवस हवेतच. आज बंद केली तर फळी नागपूरला जाईल, उद्या बंद केली तर जाणार नाही. तृप्ती हाताची बोटं एकमेकांत गुंतवून उभी होती. आणि ईश्वर, ज्याने पहिल्यांदा तड्याच्या आत न पाहता तोंड शिवलं होतं, तोच आता ब्रशला हात लावेना. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पाव किलो पाणी म्हणजे एक पेला. पुन्हा एक पेला आत कोंडून पोरीला पाठवायचं? आणखी एक दिवस थांबू, तो म्हणाला, आणि म्हणताना त्यालाच ठाऊक होतं की आणखी एक दिवस म्हणजे संपलंच.

चंदाने वात बाहेर काढली. रात्रभर आत राहिलेलं टोक तिने वरच्या ओठावर ठेवलं आणि डोळे मिटले. ओलं कापड ओठाला गार लागतं, हाताला कळणार नाही इतकं कमी ओलं असलं तरी. मग तिने वातीचं टोक दातात धरून पाहिलं, सवयीने असेल. ईश्वर तिच्या तोंडाकडे पाहत होता. इतक्या वर्षांत इतकं लक्ष देऊन पाहिलं होतं की नाही कोण जाणे.

“वाळलं,” ती म्हणाली. “शिवा आता.”

“पाव किलो हाये न अजून.”

“ते पाणी नाई. काटा दोन दिवसांपासून एका जागी हाये. पाणी असतं त हाललं असतं.” मग फळीच्या पुढच्या टोकावर हात ठेवून म्हणाली, “ह्या फळीले याच्या आधी बी कोणं तरी जोडलं हाये. इथं बघा, इथं बी बघा. त्याचं वजन हाये ते. तुमच्यासारखंच कोणी असन.”

ईश्वरने पाहिलं. खरोखरच, दोन जुन्या दुरुस्त्या होत्या, रंगाखाली लपलेल्या. लांबच्या कुठल्या तरी किनाऱ्यावरच्या, नाव माहीत नसलेल्या मिस्त्रीच्या. वजन लिहिलं त्यानंतर केलेल्या असणार. काटा पाव किलो म्हणत होता, आणि बायको वाळलं म्हणत होती. ईश्वरने काटा बाजूला सरकवला आणि रेझिनचा डबा उघडला. आठ दिवसांपूर्वी याच अंगणात तुले काय समजते म्हणणारा हाच माणूस. या वेळी त्याने तिला काही विचारलं नाही.

दोन दिवस फळी घरात कूलरच्या हवेत आणि हॅलोजनच्या उबेत राहिली. तिसऱ्या पहाटे सरांच्या गाडीच्या टपावर बांधली गेली आणि नागपूरला गेली.

चार मुली घ्यायच्या होत्या, आणि तृप्ती चौथी आली. पाचवीपेक्षा फळीच्या अर्ध्या लांबीने पुढे. सरांनी तिथूनच फोन केला, तेव्हा ईश्वर बांधीत हरभरा पेरत होता. अर्ध्या लांबीने, सर पुन्हा पुन्हा म्हणत होते. एक पेलाभर पाणी जरी आत असतं, तर ती अर्धी लांबी राहिली असती का, हा हिशेब ईश्वरने फोन ठेवल्यावर केला आणि धुऱ्यावर बसून राहिला. परत आल्यावर तृप्ती पेढे घेऊन घरी आली. ईश्वरच्या पाया पडली, चंदाच्या पाया पडली. ईश्वरला काहीतरी बोलायचं होतं. चंदाकडे पाहून बोलायचं होतं. पण मोटरसायकलचे आभार भर सभेत मानणारा हा माणूस त्या दिवशी पेढा तोंडात धरून मुकाट बसला. आमच्याकडच्या नवऱ्यांना ही गोष्ट अवघड जाते, त्याला काय करणार.

वर्ष गेलं. धान पेरलं, रोवलं, लोंब्या येऊन निसवलं. तृप्ती दोन ठिकाणी खेळून आली, आणि लग्नाचं बोलणं घरच्यांनी आपणहून पुढे ढकललं. दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुठल्या कुठल्या धरणावरून फळ्या कोंढ्याला यायला लागल्या. प्रत्येक फळी आधी काट्यावर आणि मग चंदापुढे जायची.

दसरा आला. पाटावर घासायची मशीन, कात्री, ब्रश, मधोमध रोलर. तृप्ती आणि योगेंद्र सर सोनं द्यायला आले होते. चंदा हळदी-कुंकवाचं ताट घेऊन आली आणि रोलरशेजारी काय ठेवलं आहे ते बघून थांबली. करंगळीएवढी जाड, वाळून कडक झालेली लुगड्याची वात, नीट गुंडाळून ठेवलेली.

“पूजेत चिंधी काहून ठेवली?” तिने विचारलं.

“चिंधी नाई ते,” ईश्वर म्हणाला. “हत्यार हाये.”

ईश्वरने हात जोडले. यादी सुरू व्हायची वेळ होती, पण यादी सुरू होईना.

“अकरा वर्षं मी वरठीले होतो,” तो म्हणाला, पाटाकडे पाहत. “बांधी कोणं केली, पोरं कोणं पाह्यली, ते मी कधी मोजलंच नाई. अन् त्या दिवशी तू फळी उचलून पाह्यली नसती, त ह्या पोरीले मी बुडवलं असतं.”

चंदा ताट धरून उभी होती. तिला हसू येत होतं की काय येत होतं, ते तिचं तिलाच कळत नसावं.

“म्हणजे मोटरसायकल तिसऱ्या नंबरावर गेली म्हणा,” ती म्हणाली.

“हो,” ईश्वर म्हणाला. “अन् वासुदेवराव दुसऱ्या.”

चंदाने मशीनला कुंकू लावलं, कात्रीला लावलं, रोलरला लावलं. मग वातीला लावलं, आणि जरा जास्तच लावलं.